टाइपरायटरवरची हळद

शरयूमावशीच्या मुलीचा, अनिताचा फोन आला तेव्हा मी टेक्सासमधल्या अर्विंगच्या किराणा दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. "ताई, आई इज गॉन," ती म्हणाली. मग तिच्या त्या अमेरिकन दक्षिणी हेल काढलेल्या मराठीत, "सकाळीच गेली. झोपाळ्यावर. चहा अर्धा घेतला होता…" मी हो म्हटलं. नंतरही बराच वेळ नुसतं हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवला, मेथी घेतली, रांगेत उभी राहिले, घरी येऊन भाजी फ्रीजमध्ये टाकली आणि मग कुठे टेबलाशी बसले. हल्ली असंच होतं. बातमी ऐकून आधी दमायला होतं, रडू मागाहून येतं. डॉक्टर, इंजिनियर होऊन या देशात आधी आलेली आमच्या ओळखीतली माणसं एकेक करून निघाली आहेत. कुणाला झूमवर निरोप द्यायचा, कुणासाठी गाडी काढायची. पांढरा कुडता कपाटात पुढेच टांगलेला असतो, मागे सारायची सवडच मिळत नाही. पण त्या यादीत शरयूमावशीला मी कधी धरलंच नव्हतं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. लांबचीही नव्हे. मी पुण्याहून व्हिसावर नवीनच आले होते आणि कंपनीने मला जॉर्जियातल्या एका छोट्या गावाबाहेरच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामावर धाडलं होतं. रस्त्याकडेच्या मोटेलमध्ये राहायचं, ब्रेड खायचा आणि आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगायचं. एकदा गावच्या दुकानात अशीच आईशी खोटं बोलत भेंडी निवडत होते, तर शेजारून आवाज आला, "ती घेऊ नको, जून आहे. आणि आईला खरं काय ते सांग." वळून बघते तर पांढरा डॉक्टरी कोट, त्याखाली सुती साडी, पायात बूट. नागपूरच्या डॉक्टर शरयू, लहान मुलांच्या डॉक्टर. दुसरं कुणी डॉक्टर त्या गावात यायला तयार नव्हतं तेव्हा नवऱ्याबरोबर आलेल्या आणि तिथल्याच झालेल्या. त्याच संध्याकाळी माझी बॅग तिच्या घरातल्या वरच्या खोलीत पोचली आणि काम संपून मी टेक्सासला येईपर्यंत ती तिथेच राहिली. पहिल्या दिवशी मी 'अहो डॉक्टर' म्हणाले, तर म्हणाली, "अहो बिहो दवाखान्यात. इथे मावशी म्हण आणि कुकर लाव."

ती राहायची ती गल्ली संरक्षित. म्हणजे लाल विटांचे फुटपाथ, वर वाकलेले ओक, खांबांचे व्हरांडे आणि प्रत्येक दारापाशी एक पितळी पाटी. अमक्या कापूसवाल्याचं घर, तमक्या न्यायाधीशाचं घर. आत राहणारा कुणीही असो, पाटीवर नाव बांधणाऱ्याचं. मावशीचं घर कुणा कापसाच्या दलालाचं होतं. तो तिथे थोडीच वर्षं राहिला, ही जन्मभर राहिली, पण पाटी त्याचीच. दाराचा रंग, खिडकीची काच, पत्रांची पेटी, काहीही बदलायचं तर आधी वारसा समितीसमोर उभं राहायचं. "घर पाहावं बांधून म्हणतात," मावशी म्हणायची, "इथे बांधायचं नाव काढू नको. नुसतं पाहावं." व्हरांड्याचं छत मात्र फिकट निळं होतं. भुतं त्याला पाणी समजतात आणि ओलांडून येत नाहीत, असं शेजारणीने सांगितल्यावर मावशीला भारी आनंद झाला होता. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो तेच, फक्त यांचं समितीकडून मंजूर झालेलं.

समितीची चिटणीस होती मिस कॅरोलिन. तिकडे मोठ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. शाळेतली निवृत्त लायब्ररियन, उंच, ताठ, वाऱ्यातही डोक्यावरचा केस हलणार नाही अशी. दोन घरं सोडून राहायची. मावशीचे यजमान मनोहरकाका हयात होते तेव्हा त्यांनी नागपूरहून सागवानी झोपाळा मागवला होता, पितळी कड्यांचा. मावशी त्याला बंगई म्हणायची. तो व्हरांड्यात टांगला आणि तिसऱ्या प्रहरी मिस कॅरोलिन हजर. जुन्या फोटोत इथे पाठ असलेला पांढरा झोका आहे, हा चालणार नाही. झालं, दोघींची जुंपली. शेवटी आकडे जुनेच वापरलेत आणि झोपाळा काढघाल करता येतो, म्हणजे तो घराचा भाग नसून फर्निचर आहे, अशी पळवाट मावशीने काढली. मिस कॅरोलिनने ती मान्य केली आणि खातरजमा करायला म्हणून टेकून बघितलं. पुढे कित्येक वर्षं ती रोज संध्याकाळी खातरजमा करायला येत राहिली. पाकासारखा गोड गार चहा ती आणायची, चिवडा मावशीचा. चिवड्यातले दाणे ती वेचून खायची. दाणे काय, तिच्याच जॉर्जियाचे. तिच्या मुलांचे ताप, गालगुंड, मोडलेले हात, सगळं मावशीने निस्तरलेलं. दसऱ्याला मावशी आपट्याच्या जागी अंगणातल्या रेडबडच्या झाडाचं पान द्यायची. ते आपट्यासारखं दुभंगलेलं नसतं, पण परदेशात चालवून घ्यायचं. मिस कॅरोलिन ते 'सोनं' दोन्ही हातांनी घ्यायची.

या दोघींच्या घरांच्या मधेच त्या गावाचं दैवत. एक लेखिका तिथे राहून गेली. तिने बरंच लिहिलं, पण गाजली एकच कादंबरी, आणि ती याच गल्लीवर. बाई जिवंत होती तोवर गल्लीने तिच्याशी अबोला धरला होता, कारण जो तो त्या कादंबरीत स्वतःला ओळखत होता. ती गेली, बाहेरून बसगाड्या भरून वाचक येऊ लागले, तशी तिची छबी चहाच्या मगांवर आली. घरोघरी मातीच्या चुली, आपल्याकडे तरी काय वेगळं होतं. घराचं स्मारक झालं, समितीच्याच ताब्यातलं. खोलीत तिचं टेबल, खुर्ची, टाइपरायटर, भिंतीवर त्याच खोलीचा जुना फोटो, आणि दारात जाड मखमली दोरी. वाचकांनी अलीकडूनच बघायचं. फोटोत टेबल जिथे आहे तिथेच टेबल, फोटोत पडदे बाजूला सारलेले म्हणून पडदे बाजूलाच.

निवृत्तीनंतर मावशी तिथे येणाऱ्यांना माहिती सांगायला जाऊ लागली, हौसेने. मिस कॅरोलिननेच तिला किल्ली दिली होती. साडी नेसलेली, चष्मा नाकावर आलेली नागपूरची बाई अमेरिकन वाचकांना त्यांचीच लेखिका समजावून सांगते आहे, हे मी स्वतः बघितलंय. पाठ केलेलं काही सांगायची नाही. "या गावाच्या तीन पिढ्यांचे टॉन्सिल्स मी बघितलेत," अशीच सुरुवात करायची. "तेव्हा कादंबरीत खरं किती आणि गॉसिप किती, ते मला विचारा." लोक हसायचे. मग ती सांगायची की ही बाई घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, टेबल पुसून, त्याच टेबलावर लिहायची, आणि गल्लीतला एकही माणूस तिला आज काय लिहिलंस म्हणून विचारत नव्हता. हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. घरी आली की म्हणायची, "ते मशीन बघितलंस? दोरीपलीकडे उपाशी बसलंय बिचारं. कामाची वस्तू अशी ठेवतात का?"

काही वर्षांपूर्वीच्या एका खंडेनवमीला मी अर्विंगहून मुद्दाम गेले होते. सकाळी मावशीने नेहमीप्रमाणे सगळं मांडलं. स्टेथोस्कोप, शिवणाचं मशीन, विळी, गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं एकेक फूल. मग तबक तसंच उचलून ती निघाली. मी म्हटलं, "मावशी, कुठे?" म्हणाली, "शेजारी. वर्षानुवर्षं कुणी हात जोडले नाहीत तिला." स्मारक उघडायला अवकाश होता. तिने किल्लीने दार उघडलं, साडी सावरून दोरी ओलांडली आणि टाइपरायटरपुढे उभी राहिली. हळद तिने घरी पाण्यात कालवली होती. बोट बुडवून एक ठसा मशीनच्या काळ्या अंगावर लावला, एक बटणावर. गोल काचेचं, कडेला पत्र्याची रिंग असलेलं, 'ए' अक्षराचं बटण. कुंकू लावलं, फूल ठेवलं, डोळे मिटले. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्या गाडीला लावतो, नव्या फ्रीजला लावतो, लहानपणी पाटीला लावलं. हळद लावताना डागाचा विचार आपल्यातलं कोण करतं?

दुपारी शाळेची मुलं स्मारक बघायला आली आणि एका मुलीने किंकाळी फोडली. तिला ते रक्त वाटलं. मिस कॅरोलिन धावत आली, तिने पोलिसांना बोलावलं. आला तो तरुण पोलीस मावशीच्याच हाताखाली लहानाचा मोठा झालेला. मावशी लोणच्याचा हात पुसत तिथे गेली आणि म्हणाली, "मी केलं. रक्त नाही, कुंकू आहे." तो बिचारा "येस मॅम, येस मॅम" करत बाहेर जाऊन उभा राहिला. काळ्या पत्र्यावरची हळद निघाली. पण बटणाच्या काचेखाली कागद असतो, त्यावर अक्षर छापलेलं. रिंगेच्या फटीतून हळदीचं पाणी त्यात झिरपलं आणि तो कागद पिवळा झाला तो झालाच. समितीची बैठक बसली. एवढ्या जपलेल्या वस्तूचं नुकसान झालं, म्हणून सगळे हळहळले. ती हळहळ खोटी नव्हती, हेही मी सांगायला हवं. संध्याकाळी मिस कॅरोलिन आली. या खेपेला झोपाळ्यावर टेकली नाही, पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "शरयू, आय नीड द की." मावशीने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची किल्ली आणून तिच्या हातात दिली. "डागाबद्दल सॉरी," ती म्हणाली. "नमस्काराबद्दल नाही."

बस्स, एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी वाईटसाईट बोललं नाही. पण मावशी त्यानंतर पार थकली. मनोहरकाका गेले तेव्हाही ती अशी खचली नव्हती. फोनवर म्हणायची, "अगं, एवढी वर्षं यांच्या पोरांच्या घशात बॅटरी मारून बघितलं. वाटलं, आता आपण इथले. तर नाही. किल्ली परत मागितली की कळतं आपण कोण ते." मी समजूत काढायचे, अनिता तिकडे ॲन आर्बरहून चिडायची, "आई, जस्ट सेल द हाउस, माझ्याकडे ये." ती हलली नाही. रोज झोपाळ्यावर बसायची आणि शेजारी उतरणारे वाचक बघायची. दोन घरं पलीकडे मिस कॅरोलिन तिच्या व्हरांड्यात. दोन म्हाताऱ्या, दोघींच्या मधे एक मेलेली लेखिका आणि तसाच अबोला, जसा त्या लेखिकेने सोसला होता. दसऱ्याला रेडबडचं पान तोडणं बंद झालं. मी जायचे तेव्हा मिस कॅरोलिनला लांबून हात करायचे, तीही करायची, आणि मला दोन्हीकडून अपराधी वाटायचं. जित्याची खोड म्हणायची, दुसरं काय. दोघीही सारख्याच हट्टी.

या वसंतात मी शेवटची गेले. रेडबड फुलला होता आणि मावशी त्याच्याकडे बघतही नव्हती. हात काटकुळे झालेले, झोपाळ्याला पायाने झोकाही घेता येत नव्हता, मीच देत होते. चहा निम्मा सोडून एकदम म्हणाली, "जा, तिकीट काढून जा आत. तो डाग अजून आहे का ते बघून ये." मी गेले. दोरीच्या अलीकडून वाकून बघितलं. होता, पण पूर्वीसारखा नाही. खिडकीतला उजेड टेबलाच्या कडेपर्यंत पोचत होता. परत येऊन मी सांगितलं, "आहे. फिकट झालाय." ती म्हणाली, "हळदीचं तसंच. उन्हात उडते. वरणाचा डाग पडलेली साडी आपण नाही का वाळत घालत? ते मशीन आठ दिवस खिडकीशी उन्हात ठेवलं तर तेवढाही राहणार नाही. कॅरोलिनला सांग."

मी थक्क झाले. "मावशी, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"कुठल्या बाईला माहीत नसतं? कुणी विचारलं नाही." मग म्हणाली, "आणि तो गेला, की या गल्लीत मी होते याची काही खूणच नाही राहिली. दाराला पाटीसुद्धा त्या दलालाची."

"मग कशाला सांगू?"

"सांग. तिच्या जिवाला लागून राहिलंय ते. मी ओळखते ना तिला."

मी उठून पुन्हा शेजारी गेले. मिस कॅरोलिन तिकिटांच्या टेबलाशी बसली होती. तिला फक्त उन्हाचं सांगितलं, खुणेचं नाही. ते माझ्या तोंडून यायला नको वाटलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शी टोल्ड यू टु टेल मी?" म्हणाली. मी हो म्हटलं. "थँक हर," एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला तिकीट दिलं. मी निरोप पोचवला. मावशीने मान हलवली. एकमेकींच्या घरी जायला दोघींनाही चार पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या, त्या कुणीच उतरलं नाही.

अंत्यविधीला मला पोचता आलं नाही, विमान कॅन्सल झालं. नंतर गेले ते घर आवरायला. तोवर मावशीचा फ्रीज शेजाऱ्यांनी आणलेल्या भांड्यांनी भरून गेला होता, भाताचे, बटाट्याचे, चिकनचे भाजलेले थर, प्रत्येक झाकणावर नाव चिकटवलेलं. आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलंभात येतो तसंच. अनिता म्हणाली, "मिस कॅरोलिन आली होती. नुसती झोपाळ्यावर बसली, आणि मग गेली." आम्ही दोघी साड्या वेगळ्या करत होतो. मधेच बसत होतो, मधेच उगाच डबे उघडून वास घेत होतो. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. कुणाला न्यायचं, कुणाला द्यायचं, काही सुचत नव्हतं. झोपाळ्याचं काय करायचं हाही प्रश्न होताच. तो फर्निचर, म्हणून नेता येणार होता. अनिता म्हणाली, "लीव्ह इट, ताई. इथेच असू दे. घेणारा घेईल बघून." मला वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय तिचं बरोबर होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्मारकात गेले. बघायचं नव्हतं खरं तर. आठ दिवसांचं ऊन केव्हाच मिळून गेलं असणार आणि ते बटण पांढरंशुभ्र झालेलं असणार. त्याच्याकडे बघून पुन्हा एकदा दमण्याची माझी तयारी नव्हती. पण न बघता परत जाणंही जमेना. मिस कॅरोलिनने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, उठून माझ्याबरोबर चालू लागली. आता तिला काठी लागते. खोलीच्या दाराशी आलो तर आत अंधारलेलं. डोळे सरावायला वेळ लागला. पडदे ओढलेले होते, नवे, जाड. टाइपरायटर आपल्या जागेवर. मी दोरीवरून वाकले. 'ए' अक्षर पिवळं होतं. वसंतात बघितलं होतं तेवढंच पिवळं, तसूभरही कमी नाही.

"मी सांगितलं होतं ना, उन्हात ठेवा म्हणून?"

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "इथली वस्तू जागची हलवायची नाही. नियम आहे."

"आणि हे पडदे? फोटोत तर उघडे आहेत."

तिने भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघितलं. त्याच फोटोच्या जोरावर तिने उभी गल्ली धाकात ठेवली होती, आमच्या झोपाळ्यासकट.

"फोटो जुना आहे," मिस कॅरोलिन म्हणाली.

फोन आल्यापासून न आलेलं रडू तिथे आलं, त्या मखमली दोरीला धरून. तिने मला रडू दिलं. मग मी अलीकडूनच हात जोडले आणि आम्ही निघालो. दोन पडद्यांच्या मधे बोटभर फट राहिली होती, तिच्यातून उन्हाची तिरीप जमिनीवर टेबलाच्या पायापर्यंत आली होती. मिस कॅरोलिन दारातून मागे वळली, काठी भिंतीला टेकवली, एका हाताने दोरीचा आकडा काढला आणि आत जाऊन ती फट बंद केली.